नदीवाचून होडी

पोलंडच्या नकाशात साधारण मध्यावर बोट ठेवले तर ते ज्या शहराजवळ पडते त्याचे नाव वूच. रोमन लिपीतले स्पेलिंग पाहून आपल्याकडे ते 'लोड्झ' असे वाचले आणि छापले जाते. तिथला माणूस मात्र 'वूच' म्हणतो, आणि पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ होडी. शहराच्या मुद्रेवर लाल जमिनीवर सोनेरी होडी आहे, वल्ह्यासकट. गंमत अशी की होडी चालवावी अशी नदीच या शहरात नाही. साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती, पोलंडमधल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक, आणि पाणी म्हणाल तर काही ओढे. तेही बहुतेक जमिनीखालून वाहणारे.

आपल्याकडे पोलंड म्हटले की कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण निघते. १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ही माणसे पूर्व पोलंडमधली. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेले होते. तेथून इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. त्याच वर्षांत पश्चिमेकडच्या, जर्मनांच्या हाती गेलेल्या पोलंडमध्ये मालगाड्यांतून कोण गेले आणि कोठे गेले, याची चर्चा आपल्या भाषेत फारशी होत नाही. वूचची हकीकत सांगावीशी वाटते ती त्यासाठी. या शहराला रस्त्याने आणि रुळांनी मोठे केले, आणि ज्यांनी ते उभारले त्यांच्यातल्या मोठ्या हिश्शाला त्याच रुळांवरून नेण्यात आले.

आधी जमीन पाहू. वॉर्सापासून नैर्ऋत्येला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, व्हिस्तुला आणि ओडर या दोन मोठ्या नद्यांच्या पाणलोटांमधल्या उंचवट्यावर हे शहर बसले आहे. शहराच्या ईशान्येकडे पडलेला पाऊस व्हिस्तुलेकडे जातो, उरलेल्या भागावर पडलेला नेर या लहान नदीतून वार्ता नदीला आणि पुढे ओडरला मिळतो. शेवटी दोन्ही पाणी बाल्टिक समुद्रातच. पाणलोटाच्या माथ्यावरच्या गावाला मोठी नदी मिळत नाही, उगम मिळतात. वूचलाही पंधरा-वीस ओढे मिळाले. त्यातल्या एकाचे नाव वुत्का, म्हणजे लहान होडी, दुसऱ्याचे यासेन. उतार चांगला असल्याने हे ओढे खळाळते होते. त्यांच्यावर धान्य दळायच्या पाणचक्क्या चालत. नेर नदीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १३३२ चा. १४२३ मध्ये राजा व्वादिस्वाव यागिएवो याने त्याला शहराची सनद दिली. गाव बिशपांच्या इनामात होते. सनद मिळूनही पुढची पावणेचारशे वर्षे तेथे काही घडले नाही. १७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत हा मुलूख प्रशियाकडे गेला तेव्हा शहरात माणसे होती दोनशेच्याही आत. एखाद्या मोहल्ल्याच्या मशिदीत जुम्याला याहून मोठी जमात उभी राहते.

१७९५ पर्यंत शेजारच्या तीन सत्तांनी मिळून पोलंड नकाशावरून पुसून टाकला. नेपोलियनचा पराभव झाल्यावर १८१५ मध्ये वॉर्साभोवतीचा भाग 'पोलंडचे राज्य' या नावाने रशियाच्या झारच्या छत्राखाली आला. या राज्याला स्वतःचे कापड हवे होते. रायमुंड रेंब्येलिन्स्की नावाच्या प्रांताधिकाऱ्याने १८२० मध्ये या परिसराची पाहणी केली. सरकारी मालकीची मोकळी जमीन, घरे बांधायला जंगलातले लाकूड, चक्क्यांसाठी ओढे आणि दक्षिणेला प्योत्रकूफ शहराकडे जाणारी वाट, एवढे त्याला पुरेसे वाटले. त्याच वर्षी वूचचा समावेश कारखानदारी गावांच्या यादीत झाला.

मग सॅक्सनी, सायलेशिया, बोहेमिया या मुलखांत आवतण गेले. विणकर या, जमीन घ्या, घरासाठी लाकूड घ्या, पहिली काही वर्षे कर माफ. जर्मन बोलणारे विणकर माग आणि बायकापोरे घेऊन गाड्यांतून आले. प्योत्रकूफच्या वाटेच्या दोन्ही अंगांना त्यांना अरुंद आणि लांबच लांब भूखंड आखून दिले गेले. रस्त्याला तोंड करून घर, घरात माग, मागे परसदार. ती वाट म्हणजे आजचा प्योत्रकोव्स्का रस्ता, चार किलोमीटरहून अधिक लांब आणि रूळ टाकावा तसा सरळ. आज त्यावर श्रीमंतांच्या हवेल्या, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत, पण इमारतींची रुंदी अजून त्या विणकराच्या भूखंडाचीच. समोरून हवेली, आत शिरावे तर एकामागे एक चौक आणि चाळवजा खोल्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या मोजणीदाराची साखळी अशी अजून दिसते.

ज्यूंना मात्र हे आवतण नव्हते. ते आधीपासून गावात होते, आणि १८२५ च्या हुकुमाने त्यांना जुन्या गावातल्या ठराविक गल्ल्यांतच राहण्याचे बंधन आले. अपवाद होता. ज्याच्याकडे पैसा आहे, ज्याला पोलिश, जर्मन किंवा फ्रेंच येते, जो मुलांना सरकारमान्य शाळेत घालतो आणि जो आपला पारंपरिक पोशाख टाकून देतो, त्याला बाहेर घर घेता येई. घर कोठे मिळेल हे ज्याच्या नावावरून आणि कपड्यांवरून ठरते, अशा कोणालाही हे कलम वाचताना काही नवे वाटणार नाही. हे बंधन १८६२ मध्ये उठले. पुढे ऐंशी वर्षांच्या आत त्याच भागाभोवती तारेचे कुंपण पडायचे होते.

१८३९ मध्ये लुडविक गायर याच्या पांढऱ्या गिरणीत शहरातले पहिले वाफेचे इंजिन सुरू झाले. ती इमारत आजही उभी आहे, आत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे. १८५१ मध्ये पोलंडचे राज्य आणि रशिया यांच्यामधली जकातीची भिंत गेली, आणि पार सायबेरियापर्यंतचा बाजार वूचच्या कापडाला मोकळा झाला. दोनशे माणसांच्या गावात १८४० च्या सुमारास वीस हजार वस्ती झाली होती. १८९७ च्या खानेसुमारीत ती तीन लाख चौदा हजारांवर गेली आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पाच लाखांच्या घरात. युरोपात इतक्या वेगाने वाढलेली शहरे थोडीच. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, तसे वूच पोलंडचे मँचेस्टर ठरले.

या वाढीत रेल्वेचा वाटा मोठा, आणि ती कथा जरा विचित्र आहे. वॉर्सा ते व्हिएन्ना हा लोहमार्ग १८४० च्या दशकात झाला तो वूचला टाळून, पूर्वेकडच्या कोलुश्कीवरून. वीस वर्षे कापूस, कोळसा आणि कापड स्टेशनापर्यंत घोडागाड्यांतून जात राहिले. अखेर कार्ल शायब्लर आदी गिरणीमालक आणि वॉर्साचा पेढीवाला यान ब्लोख यांनी पैसा उभा केला आणि १८६५ मध्ये कोलुश्कीपासून शहराच्या पोटात सुमारे सत्तावीस किलोमीटरचा फाटा काही महिन्यांत टाकला. त्याच्या टोकाचे स्टेशन 'फाब्रिच्ना', म्हणजे कारखान्यांचे. रूळ तेथेच संपत. पुढे पश्चिमेला वाट नव्हती, कारण मध्ये शहर होते.

दुसरा मार्ग १९०२ मध्ये आला, वॉर्साहून कालिशला जाणारा. तो शहराच्या पश्चिम अंगाने गेला आणि त्याचे स्टेशन 'कालिस्का' झाले. पण हा मार्ग रशियन रुंद मापाचा, तर व्हिएन्नाचा युरोपीय मापाचा. कालिशच्या पुढे जर्मन सरहद्द होती आणि झारच्या सेनापतींना जर्मन डबे आपल्या रुळांवर नको होते. लष्कराच्या या भीतीपायी एकाच शहरात दोन मापांचे रूळ आले. दोन्ही स्टेशनांत अंतर थोडके, तरी एका गाडीने सरळ शहरातून पार व्हावे ही सोय शंभर वर्षांहून अधिक काळ झाली नाही. गाड्या शहराला वळसा घालून जात. फाब्रिच्ना स्टेशन पाडून जमिनीखाली नव्याने बांधले आणि डिसेंबर २०१६ मध्ये ते उघडले, तेव्हाही रूळ तेथेच संपत होते. पश्चिमेकडची भुयारे त्यानंतर खणायला घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या कामाच्या वर असलेल्या एका जुन्या इमारतीचा भाग कोसळला. रहिवाशांना आधीच हलवले होते म्हणून जीव वाचले. विणकरांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या वस्तीखालून वाट काढणे आजही सोपे नाही.

शहरातल्या प्रवासाचे काम ट्रामने केले. २३ डिसेंबर १८९८ रोजी वूचमध्ये विजेची ट्राम धावली, झारच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये सर्वांत आधी. वॉर्सात त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे घोडेच ट्राम ओढत होते. रूळ मीटर गेजचे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मीटर गेज आगगाडीच्या मापाचे. १९०१ पासून ट्राम शेजारच्या झ्गेश आणि पाब्यानित्से या गिरणीगावांपर्यंत जाऊ लागली. कंपनी उभारणाऱ्या गिरणीमालकांत युलिउश कुनित्सर पुढे होता. १९०५ मध्ये रशियाभर क्रांतीचे वारे उठले. जूनमध्ये वूचच्या कामगारांनी रस्त्यांत अडथळे उभारून तीन दिवस झारच्या फौजेशी झुंज दिली, आणि सरकारी हिशेबानेही दीडशेच्या घरात माणसे मेली. त्याच वर्षी सप्टेंबरात कुनित्सरला क्रांतिकारकांनी गोळ्या घालून ठार केले. तो त्या वेळी ट्राममध्ये बसला होता.

या शहराला 'चार जातींचे शहर' म्हणतात: पोल, जर्मन, ज्यू आणि रशियन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ निम्मे पोल, तीन दशांशांच्या आसपास ज्यू, पाचवा हिस्सा जर्मन, आणि सरकारी कचेऱ्या व छावणीपुरते रशियन. यिद्दिश, पोलिश आणि जर्मन एकाच बाजारात ऐकू येई. गोडवे गाण्याइतके हे सहजीवन गोड नव्हते. मालक बहुधा जर्मन किंवा ज्यू, मजूर खेड्यातून आलेला पोल, शिवाय बावुतीच्या वस्तीत पोटापुरते विणणारा गरीब ज्यू. व्वादिस्वाव रेमाँटने १८९९ मध्ये या शहरावर 'वचनभूमी' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात एक पोल, एक जर्मन आणि एक ज्यू असे तीन दोस्त मिळून गिरणी काढतात आणि शहर त्यांना गिळत जाते. त्यावर आंद्रेई वायदाने १९७५ मध्ये चित्रपट केला. रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचे अलेक्सांदर नेव्स्कीचे चर्च १८८४ मध्ये बांधले गेले, ते झार एका हल्ल्यातून वाचला म्हणून. आणि त्याला पैसा दिला जर्मन शायब्लर व ज्यू इझरायल पोझनान्स्की यांच्यासारख्या गिरणीमालकांनी. बाजार झारच्या हातात होता, तेव्हा ही श्रद्धा नफ्याची होती हे उघड आहे. तरी एका धर्माचे घर दुसऱ्या धर्माच्या पैशाने उभे राहिले, आणि त्या चर्चच्या भिंती आज शाबूत आहेत. शहरातले मोठे सिनेगॉग नोव्हेंबर १९३९ मध्ये जाळून टाकण्यात आले.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मन फौजा शहरात आल्या तेव्हा लोकसंख्या पावणेसात लाखांजवळ होती. त्यातले सव्वादोन लाखांहून अधिक ज्यू. वूच थेट जर्मन राज्याला जोडले गेले आणि एप्रिल १९४० मध्ये त्याचे नाव बदलून लिट्झमनश्टाट करण्यात आले, पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन सेनापतीवरून. होडी गेली, सेनापती आला. शहरांची नावे बदलण्याची हौस कोणत्या कामाची नांदी असू शकते, याचा हा एक नमुना.

३० एप्रिल १९४० रोजी बावुती आणि जुने गाव मिळून जेमतेम चार चौरस किलोमीटरचा घेट्टो बंद केला गेला. आत एक लाख साठ हजारांहून अधिक माणसे होती. बावुती १९१५ पर्यंत कागदोपत्री खेडेच होते, म्हणून तेथे भुयारी गटारे नव्हती. वॉर्साच्या घेट्टोतून गटारांच्या वाटेने काही जण निसटले, वूचमध्ये तेवढीही फट राहिली नाही.

आणि येथे पुन्हा ट्राम येते. झ्गेर्स्का आणि लिमानोव्स्की हे दोन मोठे रस्ते घेट्टोच्या मधून जात होते. झ्गेशकडची ट्राम तेथूनच जायची, आणि बाहेरच्या जर्मनांना व पोलंना ती हवी होती. म्हणून रस्ते घेट्टोतून वगळले, दोन्ही बाजूंना कुंपण घातले, आणि घेट्टोचे तीन तुकडे झाले. ज्यूंना एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी रस्त्यावरून तीन लाकडी पूल बांधले. खालून न थांबता ट्राम जाई, तिच्यात कामाला निघालेली, बाजाराला निघालेली माणसे बसलेली असत. वरून उपाशी माणसांची रांग पायऱ्या चढत असे. हे रोज, चार वर्षे. घेट्टोची छायाचित्रे काढणाऱ्या हेन्रिक रॉसने आपल्या निगेटिव्हज् जमिनीत पुरल्या आणि १९४५ मध्ये उकरून काढल्या. त्यांतल्या चित्रांत हे पूल दिसतात. आपल्याला नंतर जे 'कोणाला काही माहीतच नव्हते' असे सांगितले जाते, ते वूचच्या ट्राममध्ये बसलेल्या माणसाच्या बाबतीत तरी कसे मानावे?

घेट्टोचा ज्यू प्रमुख हाइम रुमकोव्स्की याचा हिशेब असा होता की आपण जर्मनांच्या उपयोगी पडलो तर वाचू. घेट्टोत कारखाने काढले गेले. ज्या हातांनी झारच्या रशियाला कापड पुरवले त्यांच्या मुलानातवंडांनी जर्मन सैन्याचे गणवेश शिवले. १९४१ च्या शरद ऋतूत व्हिएन्ना, प्राग, बर्लिन अशा शहरांतून वीस हजार ज्यू येथे आणून सोडले. ऑस्ट्रियातून पाच हजार रोमा आणले, त्यांतले निम्म्याहून अधिक लहान मुले होती. भूक आणि रोगांनी घेट्टोच्या आतच चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली.

शहराच्या ईशान्य कडेला राडेगास्ट नावाचे लहानसे लाकडी मालस्टेशन होते. जानेवारी १९४२ पासून तेथून गाड्या सुटू लागल्या, हेल्म्नोकडे. या गावाचे पूर्ण नाव 'नेरकाठचे हेल्म्नो'. वूचच्या ओढ्यांचे पाणी पोटात घेऊन वाहणारी तीच नेर. तेथे माणसांना बंद मोटारींत धुराने मारले जाई. सप्टेंबर १९४२ मध्ये दहा वर्षांखालची मुले आणि म्हातारी माणसे मागण्यात आली. रुमकोव्स्कीने उभे राहून आईबापांकडे त्यांची मुले मागितली. त्या आठवड्यात पंधरा हजारांहून अधिक नेली गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्यांना आउशवित्सला पाठवले, शेवटची गाडी २९ ऑगस्टला. रुमकोव्स्कीही त्या महिन्यात गेला, त्याचा हिशेब चुकला होता. राडेगास्टवरून गेलेल्यांची संख्या एक लाख पंचेचाळीस हजारांच्या आसपास भरते. १९ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा घेट्टोत नऊशेच्या आतच माणसे उरली होती.

युद्ध संपल्यावर जर्मनांना हाकलले गेले. रशियन तर १९१४ च्या अखेरीसच गेले होते. चार जातींच्या शहरात एक जात राहिली. वॉर्सा जमीनदोस्त झालेले, त्यामुळे काही वर्षे सरकारी कारभार प्रत्यक्षात वूचमधूनच चालला. विद्यापीठ निघाले. १९४८ मध्ये चित्रपटशाळा निघाली, वायदा तेथलाच विद्यार्थी. १९५२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना पोलिश शिकवण्याची संस्था सुरू झाली. अरब देश, आफ्रिका आणि आशियातून आलेली मुले पोलंडमध्ये वैद्यकी वा इंजिनिअरिंगला जाण्याआधी एक वर्ष येथे काढत. त्यांच्या वसतिगृहाला लोक 'बाबेलचा मनोरा' म्हणत. एकजिनसी झालेल्या शहरात परकी भाषा ऐकू येण्याची ती एक जागा होती.

गिरण्या आता सरकारी होत्या आणि त्यांतली बहुसंख्य कामगार स्त्रिया. डिसेंबर १९७० मध्ये सरकारने अन्नधान्याचे भाव वाढवले. बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी विरोध केला तेव्हा गोळीबार झाला, पक्षाचा नेता बदलला, भाव मात्र तेच राहिले. फेब्रुवारी १९७१ मध्ये वूचच्या गिरणी कामगार बाया संपावर बसल्या. पंतप्रधान स्वतः समजूत घालायला आले, बायांनी ऐकले नाही, आणि दुसऱ्याच दिवशी भाववाढ मागे घेतल्याचे जाहीर झाले. इतिहासाच्या पुस्तकांत गोदीच्या पुरुषांना पाने मिळतात, या बायांना ओळी.

१८५१ मध्ये जो पूर्वेचा बाजार उघडला होता तो १९९० च्या सुमारास सोव्हिएत संघाबरोबर कोसळला, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पोझनान्स्कीच्या लाल विटांच्या अवाढव्य गिरणीत २००६ मध्ये 'मानुफाक्तुरा' हे बाजारसंकुल उघडले. परळ-लालबागच्या वाचकाला पुढचे सांगायला नको. प्योत्रकोव्स्का रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा झाला आणि तेथे चक्क सायकलरिक्षा धावू लागल्या, नावही 'रिक्षा'च. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे देशाचे दोन मोठे महामार्ग शहराजवळच एकमेकांना छेदतात, म्हणून गोदामे उभी राहिली. २०१३ मध्ये चीनच्या चेंगदूहून थेट वूचपर्यंत मालगाडी सुरू झाली. वाटेत सरहद्दीवर तिचे डबे रुंद रुळांवरून अरुंद रुळांवर बदलावे लागतात. झारचे माप अजून संपलेले नाही.

राडेगास्टचे लाकडी स्टेशन आता स्मारक आहे. रुळांवर त्या काळचे मालडबे उभे आहेत, आणि एका लांब काँक्रीटच्या बोगद्यात गाड्यांनी नेलेल्यांच्या टंकलिखित याद्या लावल्या आहेत. झ्गेर्स्का रस्त्याने ट्राम आजही जाते. पूल जेथे होता ती जागा ओळखायची असेल तर पदपथावर पाहावे लागते, घेट्टोची हद्द तेथे फरशीत कोरली आहे.

तेथून पूर्वेला, घेट्टोच्याच जुन्या हद्दीजवळ, २००४ मध्ये एक बाग केली. तिचे नाव 'वाचलेल्यांची बाग'. घेट्टोतून जिवंत राहिलेली माणसे म्हातारपणी दूरदूरच्या देशांतून आली आणि त्यांनी तेथे आपापल्या नावाचे झाड लावले. बागेतून एक अरुंद ओढा उघड्यावर वाहतो. थोडे पुढे गेल्यावर तो गिरण्यांच्या शहराखाली भुयारात शिरतो. तो वुत्का.